पाच तास चाळीस मिनिटांचा हिशेब

डोंबिवलीहून लोअर परळला नोकरीला येणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. वय 34, घरी नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. मागच्या रविवारी फोनने आठवड्याचा हिशेब दाखवला : रोज सरासरी 5 तास 40 मिनिटं. त्या हादरल्या. गेले तीन-चार महिने मूड उतरलेला असतो, उगाच चिडचिड होते. त्यांचे प्रश्न असे : मूड वाईट असतो म्हणून मी फोनमध्ये शिरते, की फोनमध्ये शिरते म्हणून मूड वाईट होतो? इन्स्टाग्राम उडवून टाकू का? ऑफिसने एक ॲप दिलंय, ते म्हणे फोनच्या वापरावरून मूड ओळखतं, त्याला परवानगी देऊ का? आणि जाता जाता : नवरा सारखा "फोन ठेव" म्हणतो, त्याला काय सांगू?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, दादरला बसते, 22 वर्षं झाली. सुरुवातीला लोक माझ्याकडे झोप, भूक, सासर आणि साहेब यांबद्दल बोलायचे. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि दोनेक वर्षांत फोन माझ्या टेबलावर आला, अक्षरशः. आता माणूस खुर्चीत बसतो, फोन उपडा ठेवतो आणि मग बोलायला लागतो. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दोन-तीन माणसांचं एकही केलं आहे.

ताई, आधी तो आकडा सोलून बघू. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा होता, सहा तासांच्या वर. आम्ही दोघींनी चष्मे लावून तो उलगडला. त्यातले जवळजवळ दोन तास यूट्यूब. पण ते ओट्यावर, डब्याच्या बरणीला टेकवून ठेवलेलं; सकाळी पोळ्या लाटताना अभंग, संध्याकाळी भाजी चिरताना मालिका. बघत कोणीच नव्हतं, स्क्रीन मात्र चालू होती. दीड तास व्हॉट्सॲप, त्यातलं निम्मं सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण. बँक, वीजबिल, भाजीची ऑर्डर, गाडीचं टाइमटेबल यांचा मिळून आणखी एक तास. ज्या रील्सपायी त्या स्वतःला शिव्या घालत होत्या, त्या सव्वा तासाच्या होत्या. सव्वा तासही काही कमी नव्हे, पण सहा तासांचा अपराध डोक्यावर घेऊन फिरण्यासारखंही ते नव्हे.

आपण किती वापरतो याचा आपला अंदाजही फारसा भरवशाचा नसतो. लोकांनी सांगितलेला वापर आणि फोनमध्ये नोंदलेला वापर यांची तुलना करणारे बरेच अभ्यास 2021 मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा दोन्हींचा मेळ बेताचाच निघाला. काही लोक जास्त सांगतात, काही कमी. म्हणून "मी दिवसभर फोनवरच असते" हे वाक्य मी ऐकते, पण त्यातून मला वापर कळत नाही. त्या माणसाचं स्वतःबद्दलचं मत कळतं.

आता पहिला प्रश्न, आधी काय. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये 82 तरुणांना दोन आठवडे, दिवसातून पाच वेळा मेसेज करून विचारलं : आत्ता कसं वाटतंय, आणि मागच्या मेसेजपासून फेसबुक किती वापरलं? ज्या वेळेत फेसबुक जास्त झालं, त्यानंतरच्या मेसेजला मूड थोडा खाली आलेला दिसला. मूड खाली होता म्हणून नंतर फेसबुक वाढलं, असं मात्र दिसलं नाही. झालं, फोनच दोषी, असं वाटतं ना? मग 2020 चा नेदरलँड्समधला अभ्यास घ्या. 63 किशोरवयीन मुलं, आठवडाभर, दिवसातून सहा वेळा तेच विचारणं, फक्त इथे इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप नुसतं बघत बसण्याबद्दल. 46 टक्के मुलांना बघून बरं वाटत होतं, 44 टक्क्यांना काहीच फरक पडत नव्हता आणि 10 टक्के मुलं खालावत होती. एकत्र सरासरी काढली की हे तीन गट एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती भोपळा येतो. 2019 मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हा त्यांच्या बरं-वाईट वाटण्यातला जेमतेम 0.4 टक्के फरक स्क्रीनच्या वापराने समजावता आला. पेपरात हा आकडा "फोन निर्दोष" म्हणून छापून येतो. मी तो असा वाचते : तुम्ही त्या 46 मध्ये आहात की 10 मध्ये, हे साडेतीन लाख लोकांना विचारून कळणार नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.

आणि "मूड वाईट" म्हणजे तरी काय? माझ्या कामात हा शब्द अपुरा पडतो. मूडला निदान दोन बाजू असतात : एक, बरं वाटतंय की वाईट, दुसरी, अंगात खळबळ आहे की मरगळ. मानसशास्त्रात ही मांडणी 1980 पासून प्रचलित आहे आणि फोनच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते, कारण वाईट आणि खळबळ असेल तर माणूस एका प्रकारची ॲप उघडतो, वाईट आणि मरगळ असेल तर वेगळ्याच प्रकारची.

खळबळीचा माणूस तपासत बसतो. ॲप उघडायचं, दोन सेकंद बघायचं, मिटायचं. बँकेतली शिल्लक, ऑफिसचा मेल, कोणाचं तरी "लास्ट सीन", निळी टिक आली का. एकूण मिनिटं फार भरत नाहीत, पण किती वेळा उघडलं तो आकडा बघा. विरारहून येणारे एक गृहस्थ होते, पन्नाशी ओलांडलेले, अकाउंट्समध्ये. "मॅडम, मी फोनवाला माणूस नाही" हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. फेसबुक नाही, इन्स्टा नाही, व्हॉट्सॲपवर फक्त सुप्रभात. बायको त्यांना घेऊन आली होती, कारण रविवारी ते जेवत नव्हते. फोन बघितला तर एका रविवारी त्यांनी लोकलचं टाइमटेबल 23 वेळा उघडलं होतं. रविवारी ते घराबाहेरही पडत नाहीत. दुपारी चारला सुरुवात व्हायची आणि मग झोपेपर्यंत दर वीस-पंचवीस मिनिटांनी तीच सोमवारची सकाळची गाडी, तिच्या आधीची, तिच्या नंतरची. पंचवीस वर्षं ज्या गाडीने गेले तिची वेळ त्यांना पाठ होती! ऑफिसमध्ये नवी प्रणाली आली होती, ती जमत नव्हती आणि निम्म्या वयाचा साहेब सगळ्यांसमोर बोलायचा. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगत होतं ते टाइमटेबल.

तेव्हापासून मी सोशल मीडियाच्या आधी अशी नीरस ॲप बघते. टाइमटेबल, कॅल्क्युलेटर, पावसाळ्यात हवामान, बँक. लाज वाटावी असं तिथे काही नसतं, त्यामुळे माणूस तिथे लपवाछपवीही करत नाही.

शेअर बाजारवाल्यांचं थोडक्यात सांगते, कारण हल्ली तेही येतात. सव्वानऊ ते साडेतीन त्यांचा मूड स्क्रीनवर दिसतो, लाल किंवा हिरवा. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभर सामान्य लोकांमागे 93 जण तीन वर्षांच्या हिशेबात तोट्यात होते. अशा माणसाला मी फोनबद्दल एक शब्द बोलत नाही. आधी कर्ज किती आणि बायकोला माहीत आहे का, एवढंच विचारते.

मरगळीच्या माणसाचं वेगळं. त्याला असं काहीतरी हवं असतं की अंगठ्याने सरकवलं की झालं, निवड करायला लागू नये. रील्स नेमके तेच देतात. खाली सरकत जाणारं न संपणारं पान हा प्रकार 2006 पासून आहे. पूर्वी पान संपायचं, "पुढे" दाबावं लागायचं आणि त्या एका क्षणात माणूस भानावर यायचा, तो क्षणच काढून टाकला गेला. शिवाय दर सातव्या-आठव्या रीलला एखादी खरंच हसवते, कधी लागोपाठ दोन, कधी वीस होऊनही एक नाही. बक्षीस कधी येईल ते ठाऊक नसलं की हात सुटत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर फार पूर्वी दाखवलं आहे. मरगळलेल्या माणसाला उठून उभं राहण्यासाठी जी थोडीशी ढकल लागते तीच इथे मिळत नाही. रील्सने त्याचा मूड फार खाली नेला असं मी म्हणणार नाही. होता तिथेच पाऊण तास ठेवला.

आणि खरं, खोल नैराश्य आलं की पुष्कळदा फोन गप्प होतो. याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही, उलट "हल्ली फोन कमी झालाय" म्हणून बरंच वाटतं. एका शिक्षिकेच्या व्हॉट्सॲपवर न वाचलेल्या मेसेजचा हिरवा आकडा चारशेच्या पुढे गेला होता. एरवी त्या वर्गाच्या ग्रुपवर दोन मिनिटांत उत्तर देणाऱ्या. बहिणीचे फोन वाजून थांबायचे. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2015 मधल्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं होतं : नैराश्याची लक्षणं असलेले लोक रोज सरासरी 68 मिनिटं फोन वापरत होते आणि नसलेले 17 मिनिटं, शिवाय नैराश्य असलेले घराबाहेर कमी पडत होते आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा विस्कटल्या होत्या. अभ्यास छोटा, तीसहून कमी लोकांचा, दोन आठवड्यांचा. माझी शिक्षिका त्यात असती तर तिने सगळी सरासरी बिघडवली असती. म्हणून मी कमी आणि जास्त बघत नाही, बदल बघते. तुमचं तीन-चार महिन्यांपूर्वीचं नेहमीचं काय होतं आणि आता काय आहे?

तिसरा प्रकार, मूड प्रमाणाबाहेर चढण्याचा, सांगायलाच हवा, कारण त्यात "मूड छान आहे" म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. रात्री तीनला वीस जणांना लांबलचक व्हॉइस नोट, एका आठवड्यात तीन महिन्यांच्या पगाराची ऑनलाइन खरेदी, झोप तीन तास आणि तरी थकवा नाही. असं घरात दिसलं तर मानसशास्त्रज्ञ नको, मनोविकारतज्ज्ञ गाठा, त्याच आठवड्यात.

आता जे मला सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगायचं आहे ते. लालबागची एक बाई होती. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, माणसं पाच. रात्री अकरा ते साडेबारा ती पांघरुणात फोन बघायची. सकाळी साडेपाचला पाणी. झोप पाच तासांची, दिवसभर डोकं जड, मुलांवर ओरडणं. मी पुस्तकात लिहिलं आहे तसं केलं : दहा वाजता फोन कपाटावर ठेवायचा. तिने आठ दिवस प्रामाणिकपणे ठेवला आणि नवव्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, झोप तर आलीच नाही. आणि आता रडायलाही जागा नाही."

ही माझी चूक होती आणि ती मला आजही बोचते. त्या खोलीत दार लावून बसता येईल अशी एकच जागा होती, साडेसहा इंचाची. दिवसभरात तिच्याशी कोणाचं काम नाही अशी तेवढीच दीड तासाची वेळ. मी ती खोलीच काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. मुंबईत हे मला वारंवार दिसतं, विशेषतः बायकांमध्ये. परदेशातले सल्ले, बेडरूममध्ये फोन नेऊ नका वगैरे, ज्यांना स्वतःची बेडरूम आहे त्यांच्यासाठी लिहिलेले असतात.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. तिला एकटीला वेळ कुठे मिळू शकेल? घरी नाहीच. शेवटी सापडला तो असा : कामावरून येताना करी रोडला उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर वीस मिनिटं बसायचं. काही करायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायच्या, हवं तर शेंगदाणे खायचे. घरी विचारलं तर गाडी लेट होती म्हणून सांगायचं. मध्य रेल्वेच्या बाबतीत कोणी शंका घेत नाही. तीन आठवड्यांत रात्रीचा फोन दीड तासावरून पाऊण तासावर आला, मी न सांगता. उरलेल्या पाऊण तासाला मी हात लावला नाही.

तर ताई, तुमच्या 5 तास 40 मिनिटांतली कुठली मिनिटं ही अशी "खोली" आहेत आणि कुठली मिनिटं गळकी आहेत, हे आधी वेगळं करा. त्यासाठी चौदा दिवसांची नोंद. फोनमध्ये नको, खिशात मावेल अशी पाच-दहा रुपयांची वही घ्या; नोंद फोनमध्ये ठेवली की नोंदायला गेलेलं माणूस तिथेच अडकतं. दिवसातून चार वेळा, जमेल तेव्हा : वेळ, आधीचा मूड, कुठलं ॲप, नंतरचा मूड. मूडला उणे तीन ते अधिक तीन. जवळ कोण होतं तेही दोन शब्दांत. एका बाईंच्या वहीतल्या तीन ओळी त्यांच्या परवानगीने देते :

"8:20, मुंब्रा, उभी. उणे 1. रील्स. 0."

"1:40, डबा झाला. 0. शाळेचा ग्रुप. उणे 2."

"11:35 रात्री, सगळे झोपले. उणे 2. रील्स, 35 मिनिटं. उणे 2, मान दुखते."

चौदा दिवसांच्या अशा पन्नास-एक ओळी समोर ठेवल्यावर त्यांना जे दिसलं ते मलाही आधी सुचलं नव्हतं. गाडीतल्या रील्सनी त्यांना थोडं बरंच वाटत होतं. घामाच्या गर्दीत, कोणाच्या तरी कोपराखाली, ती वीस मिनिटं सुसह्य होत होती. रात्रीच्या रील्स ना तारत होत्या ना मारत होत्या, झोप तेवढी खात होत्या. आणि खरी काटेरी जागा होती मुलाच्या शाळेचा ग्रुप. दुसऱ्यांच्या मुलांची थर्माकोलची सुबक प्रोजेक्ट, "माझ्या आरवने स्वतः केलं" वगैरे, आणि ह्या दुपारी पावणेदोनला ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभ्या. त्या ग्रुपला दिवसातून बारा मिनिटंही जात नव्हती. एकूण वेळेच्या यादीत तो कुठेच नव्हता.

दुसरा प्रश्न, इन्स्टाग्राम उडवण्याचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2018 मध्ये 143 विद्यार्थ्यांवर तीन आठवड्यांचा एक प्रयोग झाला. निम्म्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट दिवसाला प्रत्येकी दहा मिनिटांवर आणलं, निम्म्यांनी नेहमीसारखं वापरलं. कमी करणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासी उतरली, आणि मुळात जास्त उदास असलेल्यांना जास्त फायदा झाला. यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे : ज्यांनी काहीही कमी केलं नव्हतं, फक्त आपला वापर नोंदवून पाठवत होते, त्यांचीही चिंता आणि "आपलं काहीतरी राहून जातंय" ही हुरहुर थोडी कमी झाली. वहीचा आग्रह मी उगाच धरत नाही.

म्हणून उडवू नका. उडवलेलं ॲप चौथ्या दिवशी परत येतं आणि सोबत "मला एवढंही जमत नाही" हे घेऊन येतं. चौदा दिवस नोंद, मग तुमच्या वहीत जे ॲप सातत्याने उणे करतं ते एकच निवडा आणि त्याची एकच वेळ बदला. रात्रीचं असेल तर अकराऐवजी साडेनऊला, बसून, दिवा लावून. तेच ॲप दिवा लावून बघितलं की अर्ध्या वेळेत पुरे होतं, हे माझं निरीक्षण आहे. कारण मला सांगता येत नाही.

तिसरं, ऑफिसचं ॲप. फोनच्या वापरावरून मूड ओळखण्याची कल्पना जुनी आहे. 2013 मध्ये 32 जणांवर दोन महिने एक प्रयोग झाला. कोणाला किती फोन आणि मेसेज, कुठली ॲप, कुठल्या साइट, कुठे फिरणं, एवढ्यावरून दिवसाचा मूड सांगायचा. बाकीच्यांच्या माहितीवरून शिकलेलं गणित 66 टक्के बरोबर यायचं, आणि दोन महिने त्याच माणसाला रोज विचारून विचारून शिकवलं की 93 टक्क्यांपर्यंत जायचं. छान वाटतं. पण नेदरलँड्समध्ये 27 जणांवर सहा आठवडे तशाच पद्धतीने करून बघितलं, 2016 मध्ये, तेव्हा ते फोनकडे न बघता बांधलेल्या साध्या अंदाजापेक्षाही मागे पडलं. यात नवल काहीच नाही. बहुतेकांचा मूड बहुतेक दिवशी नेहमीसारखाच असतो. "आजही तसाच असेल" एवढं म्हणणारा ज्योतिषी पुष्कळदा बरोबर येतो. ज्या दिवशी मूड खरोखर बदलतो तोच दिवस पकडायचा असतो आणि तोच हातातून निसटतो.

म्हणजे ही तंत्रं टाकाऊ आहेत असं नाही. बायपोलर आजारात, म्हणजे मूड कधी फार चढतो आणि कधी फार उतरतो त्या आजारात, टायपिंगच्या लयीवरून चढउतार आधी कळतील का, यावर गंभीर काम चालू आहे. पण ते डॉक्टर, रुग्ण आणि त्यांच्यातला विश्वास या चौकटीत. ऑफिसने दिलेल्या ॲपला माझं उत्तर सरळ आहे : परवानगी देऊ नका. निदान नोटिफिकेशन, लोकेशन आणि कीबोर्ड या तिन्हींना तर नाहीच. एचआर सांगेल की नावं जात नाहीत, फक्त टीमचा एकत्रित अहवाल जातो. तुमच्या टीममध्ये सहा माणसं असतील आणि त्यातली एकच डोंबिवलीहून येत असेल तर एकत्रित अहवालात उरतं काय? 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली असायला हवी आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. ॲप टाकून झालं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या काढा. "फोन जुना आहे, हँग होतो" हे कारण आजवर कोणी तपासलेलं नाही.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडू नका. तीन-चार महिने मूड उतरलेला आहे, चिडचिड आहे, हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. मी तिथे थांबले. आम्ही नैराश्य तपासायला पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतो. मागच्या दोन आठवड्यांत रस वाटेनासा झाला का, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं वगैरे. 27 पैकी दहा किंवा जास्त गुण आले तर कोणाला तरी भेटायलाच हवं. आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. फोनवर खापर फोडलेल्या कित्येक मरगळी माझ्याकडे येऊन शेवटी रक्ताच्या रिपोर्टात सापडल्या आहेत. खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे मनोविकाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. टेली-मानसचा 14416 हा मानसिक मदतीचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि जगण्याचा कंटाळा आल्यासारखे विचार येत असतील तर चौदा दिवस थांबू नका. आज फोन करा.

आता नवरा. "फोन ठेव" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा "माझ्याशी बोल" म्हणत असतो, असं लिहायचा मोह होतो, पण खरं सांगू, काही वेळा तो फक्त "चहा टाक" म्हणत असतो. तुमचा कुठला आहे ते तुम्हाला ठाऊक. वही मात्र त्याला दाखवू नका, निदान आत्ताच नको. दाखवायची आहे हे ठाऊक असलं की माणूस खरं लिहीत नाही.

त्याऐवजी त्याच्याकडे काम मागा. वर ज्यांच्या वहीतल्या ओळी दिल्या, त्यांनी नवऱ्याला सांगितलं की शाळेच्या ग्रुपवर एक महिना तू राहा, मी बाहेर पडते. तो हसतच हो म्हणाला, ग्रुपच तो, त्यात काय. पाचव्या दिवशी त्याने ग्रुप म्यूट केला. दहाव्या दिवशी मुलगा वर्गात एकटाच पांढऱ्या शर्टात गेला, बाकी सगळे पिवळ्या, कारण "यलो डे"चा मेसेज आदल्या रात्री पावणेअकराला आला होता. बाई मला हे सांगताना इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या माणसाने दार ढकलून बघितलं. नवरा आता पावणेअकराला ग्रुप बघतो, न चुकता, आणि त्याच्या कपाळावर आठ्या येतात म्हणे.